माझ्या डोळ्यातलं दुर्मांस

ज्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी लालसर बुबुळाकडं सरकायला लागलंय आणि जे आरशात बघून आरसा पालथा ठेवतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. निपाणीच्या तंबाखूपेठेत माझी ख्याती अशी, की दत्तोबानं सांगितलेल्यातलं निम्मं वजा करावं आणि उरलेल्याची शेजाऱ्याकडं चौकशी करावी. इथं तेवढी वजाबाकी करू नका. जिथं मला राहवणार नाही तिथं मी वाढवीन, पण ते तुम्हाला लगेच ओळखू येईल.

खकाणा

वखारीत तंबाखू पारखायचं माझं काम. शेतकऱ्याचं बोद, म्हणजे तंबाखूचं गाठोडं, उघडलं की मूठभर पानं काढायची, उजेडाकडं धरायची आणि सांगायचं, ह्याला दव कमी पडलंय, हे उन्हात जास्त राहिलंय, ह्यात खालचा पाला मिसळलाय. नाकाचाही यात वाटा असतो, पण खरा मालक डोळा. डोळा चुकला की शेतकरी बुडतो नाहीतर व्यापारी, आणि पारखणारा दोघांच्याही शिव्या खातो.

वखारीत हवेत जी तंबाखूची भुकटी तरंगते तिला आम्ही खकाणा म्हणतो. चाळणीच्या दिवसांत तो इतका दाट असायचा की चिमण्या पंखानं नाक दाबून आत शिरायच्या. मी दिलेल्या एका शिंकेनं संकेश्वरच्या बाजारात बैल उधळले होते. लोक अजून सांगतात. म्हणजे मी सांगतो, लोक ऐकतात.

त्या खकाण्यात आणि खळ्यावरच्या उन्हात माझी उमर गेली. मग कधीतरी उजव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यात एक लालसर तुकडा दिसायला लागला. माशीच्या पंखासारखा, तीन कोनांचा, बारीक रक्ताच्या दोऱ्यांचा. टोक काळ्याकडं. आमच्याकडं याला वडस म्हणतात. पेठेत कुणी विचारलं की मी सांगायचो, डोळ्यात वेल लावलाय, पुढच्या पावसाळ्यात दोडकी धरतील, ज्यांना पाहिजे त्यांनी आधी बोलून ठेवा. लोक हसायचे. वेल आपला सरकत होता.

एक दिवस मला एका पानाला दोन कडा दिसल्या. शेतकरी म्हणाला, पान एकच हाय. मी म्हणालो, उजेड कमी आहे. भर दुपार होती.

माझे थोरले भाऊ, अण्णा, संकेश्वरच्या एका वैद्याकडून अंजन घेऊन आले. त्यानं डोळा असा पेटला की पहाट झाली समजून कोंबडे मला बघून आरवायला लागले. वडस तसूभर हटलं नाही. हे अंजन तुम्हालाही कुणीतरी आणून देईल, आणि देणारा जिवाभावाचाच असेल. त्याला चहा पाजा, डबी मात्र उघडू नका.

एक शब्द

बेळगावच्या दवाखान्यात मी एकटाच गेलो. सर्व्हिस मोटारीत मला ओळखणारे दोघं भेटले, त्यांना वाटेत दोन गोष्टी सांगितल्या. शेवटच्या दोन. त्यानंतर बरेच दिवस मला मनापासून गोष्ट सांगता आली नाही.

डॉक्टरसाहेब धारवाडकडचे, बोलणं कन्नड. मराठी येत होतं, पण लंगडत. शेजारी कंपाउंडर उभा, तो मराठीत करून सांगायचा. डॉक्टरांनी मला खिडकीसमोर बसवलं, वर बघा, खाली बघा, नाकाकडं बघा असं खुणेनं सांगितलं, बोटानं पापणी ओढली आणि बराच वेळ निरखून बघितलं. मग हात धुता धुता कंपाउंडरला म्हणाले, "दुर्मांस. तेगीबेकु."

माझं कन्नड बाजारापुरतं. भाव, वजन, रामराम आणि शिव्या. तेगीबेकु म्हणजे काढायला पाहिजे, एवढं कळलं. पहिला शब्द तर मला त्याहून चांगला कळला असं वाटलं, कारण तो मला आपलाच वाटला. मराठी शाळेत मास्तरांनी छडी घेऊन शिकवलेलं होतं, दुर् म्हणजे वाईट. दुर्जन, दुर्दैव, दुर्गंध. दुर्वास ऋषीसुद्धा शाप द्यायला हात वर करून उभे राहिले. माझ्या डोळ्यात वाईट मांस होतं.

वाईट मांस मी घरात बघितलेलं होतं. माझ्या चुलत्याच्या गालात आतून तंबाखूची गोळी ठेवायची जागा होती, त्या जागेवर मांस वाढलं. ते काढताना डॉक्टरांनी जबड्याचा तुकडाही काढला, कारण असलं मांस मुळासकट काढावं लागतं. पुढच्या होळीला चुलता नव्हता. म्हणजे माझ्या डोळ्यातलं काढायचं तर मूळ कुठं? मूळ डोळाच. हा हिशेब मी तिथं स्टुलावर बसून एका दमात केला आणि बरोबर आला म्हणून गप्प बसलो.

त्यानंतर डॉक्टर पुष्कळ बोलले. कंपाउंडर त्याचं मराठी करत होता. दोघांचे ओठ हलताना दिसत होते, आणि मी मान हलवत होतो. निपाणीत मला गप्प करायला दोन माणसं लागतात. त्या दिवशी मी एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी कंपाउंडर म्हणाला, "दत्तोबा, घरचं कुणीतरी संगं आणा. दोन्ही डोळं बांधनार हाय." तेवढं ऐकू आलं.

बाहेर पडून खडेबाजारात आलो. उजवा डोळा हातानं झाकला आणि डाव्यानं बाजार बघायला लागलो. उजवीकडची बाजू कुणीतरी गुंडाळून नेली होती. एक सायकलवाला हवेतून उगवल्यासारखा नाकासमोर आला आणि शिवी देऊन गेला. मला भीती वाटली नाही. सायकलवाल्याची नाही, डोळ्याचीही नाही. भीती वाटायला हवी आणि ती कुठंतरी जवळपास असणार, असं नुसतं समजत होतं.

घर आणि पेठ

कृष्णाबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, मी सांगितलं की उजवा डोळा काढणार आहेत. डॉक्टरांचा शब्द सांगितला नाही. असला शब्द उंबऱ्याच्या आत आणू नये असं मला वाटलं. सापाचं नाव घरात काढत नाहीत, जनावर म्हणतात, तसंच.

कृष्णाबाईचं माहेर गोकाककडचं. भांडण आलं की ती कन्नडमध्ये भांडते, त्यामुळं मला निम्मंच लागतं. त्या दिवशी ती भांडली नाही. शेंगा फोडत होती, फोडतच राहिली.

"दुसरा राहतोय न्हवं?" ती म्हणाली.

"राहतोय."

"मग जाऊया."

अण्णांना मात्र ते सोसलं नाही. ते अंगणातूनच बोलायला लागले, "डोळा म्हंजे काय वांग्याचं रोप हाय व्हय रं, किडलं की उपटायचं? अजून म्हैनाभर अंजन घाल." कृष्णाबाईनं आतून सांगितलं की अंजनाची डबी तिनं उकिरड्यावर टाकली आहे. अण्णा बोलायचे थांबले आणि पुढं आम्हा दोघांशीही बोलले नाहीत. निघायच्या दिवशी मोटारीजवळ आले, गुळाची ढेप आणि सुकं खोबरं पिशवीत घालून माझ्या मांडीवर ठेवलं, आणि माझ्याकडं न बघता मोटारीच्या चाकांकडं बघत उभे राहिले. चाकांत हवा पुरेशी आहे असं ड्रायव्हरला सांगून गेले.

पेठेतल्या लोकांना गोष्ट हवी होती. मी दिली. काढलेल्या जागी विलायती काचेचा डोळा बसवणार आहेत, त्यानं बोद न उघडता आतला पाला दिसतो, तेव्हा मिसळ करणाऱ्यांनी आत्ताच सुधारावं. वखार हसली. हसणं मला शेजारच्या वखारीतून आल्यासारखं ऐकू आलं. तोंड आपलं आपण बोलत होतं आणि मी तिथं नव्हतो. असं तुमचंही होईल. घाबरू नका, आणि हसवत राहायची जबाबदारीही घेऊ नका.

मुगीतु

टेबलावर निजवून त्यांनी डोळ्यात थेंब घातले. आधी गार लागलं, मग काहीच लागेना. डोळा आहे का नाही हे डोळ्यालाच कळेना. माझं बाकीचं सगळं तो शब्द ऐकल्यापासून तसंच होतं, थेंब मात्र आज घातले.

मी जागा होतो. कातरीचं चकाकतं टोक आलं, इतकं जवळ की दिसेनासं झालं. मनात आलं की डोळा स्वतःला काढताना बघतोय, आणि एवढी मोठी बात मी आयुष्यात मारलेली नाही. चिरचिर असा आवाज आला, सुकं पान शिरेपासून सोलताना येतो तसा. दुखलं नाही. सगळं लाल झालं, मग कापसाचा बोळा आला आणि अंधार झाला.

"मुगीतु," डॉक्टर म्हणाले. म्हणजे संपलं. मीही तेच म्हणालो, मनात.

पट्टीखाली

दोन्ही डोळे बांधलेले. एक हलला की दुसरा हलतो म्हणून चांगलाही बांधतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, डावाही गेला असेल तर सांगतील.

दवाखाना कानांनी कळायला लागला. पहाटे बादलीची कडी आपटल्याचा आवाज, मग फिनेलचा वास, मग दूध. मग चपला, डॉक्टरांच्या जड आणि नर्सबाईच्या फटफट. दुपारी सगळं थांबायचं आणि कावळे तेवढे राहायचे. पोटावर निजायचं नाही, खोकायचं नाही, वाकायचं नाही. शिंकायचं नाही हेही सांगितलं. संकेश्वरच्या बैलांचं नशीब.

शेजारच्या खाटेवर मोतीबिंदू काढलेला एक म्हातारा होता. मी कोण हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. म्हणाला, निपाणीकर, कायतरी सांगा की. मी म्हणालो, आज नाही. तो रागावला नाही. त्यानं स्वतःच त्याच्या म्हशीची गोष्ट सुरू केली. म्हैस हरवते, तो शोधायला निघतो, आणि गोष्ट कुठंच जात नाही, कारण म्हैस सापडली का नाही हेच तो विसरलेला. रोज तीच गोष्ट, रोज तिथंच थांबायची. मला ती फार बरी वाटायची. तिच्यात काही व्हायचं नाही.

कृष्णाबाई जेवायला घालायची. प्रत्येक घासाआधी त्या घासाचं नाव सांगायची. भात. आमटी-भात. भाकरी, त्यात मिरची हाय, बेतानं. तोंडात अचानक काही येऊ नये म्हणून. एवढंच बोलायची. तिनं डॉक्टरांना काही विचारलं का, असं मी विचारलं नाही, आणि तिनंही डॉक्टरांना विचारलं नाही. आपण विचारलं की ते खरं ठरतं, असं तिला वाटत होतं, हे तिनं पुढं सांगितलं.

एक चमत्कारिक गोष्ट व्हायची. पट्टीखाली उजवीकडं काहीतरी फिरायचं. आत वाळू असावी तसं बोचायचं, आणि बोचलं की ते फिरायचं. मी ते कुणाला बोललो नाही. आमच्या पेठेत पहिल्या लढाईवरून आलेला एक जण होता. त्याचा पाय गुडघ्यापासून गेलेला, आणि तो नसलेला अंगठा खाजवायला हात खाली न्यायचा. माझंही तसंच, असं समजून मी नसलेला डोळा फिरवत पडून राहायचो.

कुणाचा डोळा

पट्टी सोडायच्या दिवशी मला बसवलं. आधी डावी बाजू मोकळी केली. डाव्या डोळ्याला नर्सबाईच्या हातातलं चिनी मातीचं भांडं दिसलं, निळ्या काठाचं. मग उजवीकडचा कापूस ओला करून हळूहळू सोडवला, आणि डॉक्टरांनी डावा डोळा हातानं झाकला.

भांडं तिथंच होतं. निळा काठ जरा फुगलेला, पाण्यातून बघितल्यासारखा, पण निळाच.

मी विचारलं, "हा कुणाचा डोळा बसवलाय?"

कंपाउंडर डॉक्टरांकडं बघायला लागला. डॉक्टरांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग कंपाउंडर मला समजावायला लागला की डोळा तुमचाच, तो काढायचा प्रश्नच नव्हता, वरचं वाढलेलं तेवढं कापलं, हे सगळं तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलंय, तुम्ही मान हलवली. मी म्हणालो, पण साहेब दुर्मांस म्हणाले. डॉक्टरांनी तो शब्द ऐकला आणि खाटेच्या कडेवर बसले. त्यांना हसू येत होतं आणि हसावं की नाही ते कळत नव्हतं.

"दत्तोबा," ते त्यांच्या मराठीत म्हणाले, "आमच्यात नाकात वाढलं तरी दुर्मांस, जखमेवर वाढलं तरी दुर्मांस. वाईट नाही री ते. जास्ती आहे. जास्ती वेगळं, वाईट वेगळं."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, तो यायची वाट बघत. मी म्हणालो, "बरं."

काचेखाली

बहुतेक माझं ते बरं ऐकूनच डॉक्टरांना वाटलं असावं की ह्याला पटलेलं नाही. खरंच पटलं नव्हतं. चुलत्यालाही आधी कुणीतरी साधं आहे म्हणालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एका लहान खोलीत नेलं. टेबलावर पितळी सूक्ष्मदर्शक. माझ्या डोळ्यातून कापलेल्या तुकड्याची पातळ चकती करून, रंगवून काचेवर ठेवली होती. म्हणाले, चांगल्या डोळ्यानं बघा.

आधी माझ्याच पापणीचे केस दिसले, झाडाएवढे. मग साहेबांनी चाक फिरवलं आणि गुलाबी उजेडात दोरे दिसायला लागले. सरळ नव्हते. तुटलेले, गुंतलेले, कुठं कुठं गोळा होऊन बसलेले, आणि मधून रक्तवाहिन्यांची भोकं. तापलेल्या खळ्यावर पान जास्त राहिलं की त्याच्या शिरा सैल पडतात आणि पान चुरगाळतं, तसं. मी ते बोललो. डॉक्टर म्हणाले, तेच आहे. ऊन, वारा, धूळ लागून पांढऱ्यावरचा पातळ पदर करपतो, मग तो वाढायला लागतो. वाढतो, सरकतो, बुबुळ ओढतो, म्हणून एका पानाच्या दोन कडा. पण खोल जात नाही, खात नाही, अंगात दुसरीकडं पसरत नाही. वाईट मांस असतं तर पेशी कशा दिसल्या असत्या, तेही त्यांनी बोटानं टेबलावर काढून दाखवलं. माझ्यात तसं काही नव्हतं. परत वाढू शकतं, हे मात्र त्यांनी लपवलं नाही. टोपीला पुढं ऊन अडवणारी झाप असू दे, खकाण्यातून बाहेर आला की स्वच्छ पाण्यानं डोळे धुवा, पण टाके गळून पडेपर्यंत डोळ्याला पाणी लागू देऊ नका.

मी पुन्हा काचेत बघितलं. माणसानं स्वतःच्या एका डोळ्यानं दुसऱ्या डोळ्याचं मांस बघितलं, ही गोष्ट पेठेत मला दहा वर्षं पुरली असती. मला तिथं एवढंच वाटलं की पान कमी प्रतीचं आहे.

म्हणून सांगतो. डॉक्टर जो शब्द बोलतील तो त्यांच्या तोंडचा तसाच घरी आणा. उंबऱ्यावर ठेवून येऊ नका. आणि तो कुठल्या भाषेतला आहे, हे आधी विचारा.

खडेबाजारातून

सुट्टी मिळाली तेव्हा उजव्या डोळ्यावर हिरव्या कापडाची झडप होती. कृष्णाबाईनं बोचकं घेतलं आणि आम्ही मोटार पकडायला निघालो. चालता चालता मी तिला सगळं सांगितलं. दुर्मांस हा शब्द पहिल्यांदा तिच्यासमोर काढला.

ती थांबली. "दुर्मांस?" म्हणाली. "आमच्याकडं बैलाच्या खुरात वाढतंय की. कापत्यात आन हळद लावत्यात. दुसऱ्या दिवशी बैल औताला."

"मला काय ठाऊक."

"मला ठाऊक हुतं न्हवं? मला का न्हाय सांगितलासा?"

मी म्हणालो, घरात असला शब्द नको म्हणून. यावर ती कन्नडमध्ये बरंच बोलली. निम्मं लागलं, आणि उरलेलं निम्मं न लागलेलंच बरं. आजूबाजूची माणसं बघायला लागली तेव्हा गप्प झाली आणि आम्ही पुढं निघालो.

थोडं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ती मागून चालत नाही. लग्न झाल्यापासून ती रस्त्यात माझ्या दोन पावलं मागं चालत आली, आमच्यात बायका तशाच चालतात. आज भर खडेबाजारात ती माझ्या बरोबरीनं चालत होती, उजव्या बाजूला, अंगाला अंग लागेल इतकी जवळ. समोरून एक हातगाडी आली. तिनं कोपरानं मला अलगद डावीकडं सारलं आणि गाडी गेल्यावर परत होती तिथं आली. हे तिला आता नवीन नव्हतं. दवाखान्याच्या आवारात डोळे बांधलेल्या मला फिरवताना ती हेच करत असणार.

मी म्हणालो, "लोक बघायला लागलेत. डोळा हाय आता. मागनं आलीस तरी चालंल."

"आसू दे," ती म्हणाली. "ती बाजू मी बघायची, आसं ठरीवलं हुतं मी."

झडपेखाली डोळा भरून आला. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण ते आतून येणाऱ्या पाण्याविषयी काही म्हणाले नव्हते. मी झडप तशीच ठेवली आणि ती जिकडं वळवील तिकडं चालत राहिलो.